विस्मृतीच्या पडद्याआड गेलेले मुंबईचे फुटबॉलवीर

आपल्या ज्ञातिमंडळाची वार्षिक स्मरणिका हाती पडली म्हणजे बहुतेक कुटुंबांतून प्रथम गुणगौरवाची पाने उघडली जातात. शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळविलेली मुले, पदवी संपादन केलेल्या मुली, कचेरीत बढती मिळालेले बांधव यांची नावे तेथे मोठ्या आस्थेने छापली जातात आणि तितक्याच आस्थेने वाचली जातात. हा प्रघात स्तुत्य आहे. परंतु या पानांत खेळाडूचे नाव शोधू गेल्यास निराशा पदरी येते. खेळ म्हणजे अभ्यासातून उरलेल्या वेळाचा विरंगुळा, अशी आपली एक जुनी समजूत आहे. आणि ती केवळ आपल्या ज्ञातीची नसून बव्हंशी साऱ्या मुंबई शहराची आहे. या समजुतीपायी या शहराने आपली केवढी माणसे गमावली, याचा थोडासा हिशेब फुटबॉल या एका खेळापुरता येथे मांडावयाचा आहे.

सन १९५६. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी ऑलिंपिक सामने भरले होते. त्याच सुमारास हंगेरीत रशियन रणगाडे शिरले आणि त्या देशाने फुटबॉलमधून माघार घेतली. हिंदुस्थानचा पहिला सामना हंगेरीशीच ठरलेला असल्यामुळे आपला संघ न खेळताच पुढील फेरीत गेला. तेथे गाठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशी. १ डिसेंबर रोजी झालेल्या या सामन्यात नवव्या मिनिटालाच हिंदुस्थानने पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला हिंदुस्थानचा दुसरा गोल झाला, तर मध्यंतरापूर्वी पुन्हा मॉरोनेच तो फेडला. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी हिंदुस्थानने तिसरा गोल चढविला आणि अखेरच्या दहा मिनिटांत कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा. सामना ४-२ असा आपल्या बाजूने सुटला. यांपैकी पहिले तीनही गोल एकाच गड्याने केले होते. तो गडी आपल्या मुंबईचा होता. त्याचे नाव नेव्हिल डिसूझा.

ऑलिंपिकच्या फुटबॉल सामन्यात तीन गोल करणारा आशिया खंडातील हा पहिला खेळाडू. या विजयामुळे ऑलिंपिक फुटबॉलची उपांत्य फेरी गाठणारे आशियातील पहिले राष्ट्र हा मान हिंदुस्थानला मिळाला. ४ डिसेंबरला यूगोस्लाव्हियाशी सामना झाला. चारच वर्षांपूर्वी हेलसिंकी येथे याच यूगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडविला होता. त्या वेळी आपले कित्येक खेळाडू कडाक्याच्या थंडीत अनवाणी खेळले होते, आणि त्या पराभवानंतरच पायात बूट घालणे सक्तीचे झाले. मेलबर्नला मात्र मध्यंतरापर्यंत यूगोस्लाव्हियाला एकही गोल करता आला नाही. उलट मध्यंतरानंतर प्रथम गोल केला तो नेव्हिल डिसूझा यांनीच. काही क्षण हिंदुस्थान ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर उभा होता. पुढे प्रतिपक्षाने चार गोल केले व सामना ४-१ असा गेला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्या काळी आपल्या देशातील सामने सत्तर मिनिटांचे असत आणि बाहेरचे नव्वद मिनिटांचे. घरी सत्तर मिनिटे धावण्याची सवय असलेल्या पायांना ती अखेरची वीस मिनिटे फार लांब वाटत असली पाहिजेत. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने आपणांस ३-० असे हरविले आणि हिंदुस्थान चौथा आला. तेवढी मजल आपल्या फुटबॉलने त्यापूर्वी कधी मारली नव्हती, आणि पुढेही मारलेली नाही.

त्या स्पर्धेत हिंदुस्थानने एकंदर पाच गोल केले. पैकी चार डिसूझा यांचे. संपूर्ण स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत त्यांचे नाव येते. इतर दोघे म्हणजे यूगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच व बल्गेरियाचा मिलानोव. त्या दोघांच्या देशांना पदके मिळाली, आपणांस मिळाले नाही. पण गोलांची संख्या तीच होती.

या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. ते मूळचे शाळामास्तर, आणि या गोष्टीचा प्रस्तुत लेखकास व्यवसायबंधुत्वामुळे थोडासा अभिमान वाटतो, हे कबूल करावयास हरकत नाही. कर्णधार बंगालचे समर बॅनर्जी. संघात आणखी कोण होते पाहा: प्रदीपकुमार बॅनर्जी, बलराम, केंपय्या, लतीफ, सलाम, नूर मोहंमद, झुल्फिकारुद्दीन, थंगराज. बंगाली, तेलुगू, कानडी, तमिळ. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती. ज्या मुंबईत अवघ्या दहा वर्षांपूर्वीपर्यंत क्रिकेटचे मोठे सामने हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन व इतर अशा जातधर्मवार संघांत खेळले जात, त्याच मुंबईचा एक गोवेकर ख्रिस्ती तरुण या मिश्र संघात आघाडीला खेळत होता. त्या वेळी त्याच्या वाडवडिलांचा गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. तो मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात.

जातधर्माचा विषय ओघाने निघालाच आहे, तर ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत एक गोष्ट सांगून टाकणे उचित होईल. पाळवणकर बाळू यांनी १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्या काळच्या हिंदू संघात त्यांच्या तोडीचा गोलंदाज नव्हता. तथापि केवळ चर्मकार ज्ञातीत जन्मल्यामुळे त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले, तेही बऱ्याच वादंगानंतर. खेळाडूची उपेक्षा म्हटली की आपल्याला ही जातीपायी झालेली उपेक्षा आठवते, आणि ती आठवलीच पाहिजे. परंतु मुंबईच्या फुटबॉलवीरांची उपेक्षा निराळ्या कारणाने झाली. ते कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण ते आपल्या गिरणगावाला फार जवळचे आहे.

मुंबईचा फुटबॉल जुना. रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली येथे सुरू झाली. पहिली कित्येक वर्षे गोऱ्या पलटणीच ती जिंकीत. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती मालिका तोडली आणि पन्नास ते चौपन्न या पाच वर्षांत हैदराबाद पोलिसांनी लागोपाठ पाच वेळा चषक नेला. कूपरेजचे मैदान त्या दिवसांत गर्दीने फुलून जात असे. हार्वुड लीगचे सामने पावसाळ्यात होत, आणि चिखलात न घसरता चेंडू पायाशी खेळविणे ही मुंबईच्या गड्याची खास करामत मानली जाई. आपल्या काळाचौकीहून चालत जाण्याजोगे परळचे झेवियर मैदानही या खेळाला परिचित आहे. गोव्याहून आलेल्या तरुणांची धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावची कूड होती. कोकणातून आलेल्या आपल्या माणसांच्या जशा गावकीच्या खोल्या, तशीच ही त्यांची बिऱ्हाडे. तेथून अनेक खेळाडू निपजले.

परंतु खेळाडूला पोट असते. म्हणून मुंबईत फुटबॉलपटू कोणत्या क्लबाचा, हा प्रश्न गौण. तो कोणत्या कंपनीत नोकरीला, हा प्रश्न मुख्य. टाटा, कॅलटेक्स, बर्मा शेल, रेल्वे, पुढे मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र. या सर्वांनी संघ बाळगले, खेळाडूंना पगार दिला आणि सरावाकरिता लवकर सुटी दिली. ही व्यवस्था वाईट होती असे कोणी म्हणू नये. तिच्यामुळे कित्येक घरांत चूल पेटली. डिसूझा हे टाटांच्या संघातून नावारूपास आले. १९५४ साली मुंबईने प्रथमच संतोष ट्रॉफी जिंकली, त्या यशात त्यांचा वाटा होता. १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकला तोही कॅलटेक्स या मुंबईच्या कंपनी-संघाने.

आता कलकत्त्याकडे पाहा. मोहन बागान हा क्लब १८८९ साली स्थापन झाला. २९ जुलै १९११ रोजी त्याने गोऱ्या पलटणीचा पराभव करून शील्ड जिंकली आणि आज शंभरांहून अधिक वर्षे लोटली तरी तो दिवस दरसाल साजरा होतो. त्या क्लबाला सभासद आहेत, कचेरी आहे, भिंतीवर तसबिरी आहेत, वाद घालणारे म्हातारे आहेत. जुन्या खेळाडूला मोहन बागान रत्न म्हणून गौरविण्याची प्रथा आहे. नेव्हिल डिसूझा यांचे सहकारी प्रदीपकुमार बॅनर्जी २०२० साली वारले तेव्हा सारा बंगाल हळहळला. त्यांची योग्यता थोर होती यात शंका नाही. पण योग्यता असून भागत नाही. ती आठवणारे घर लागते.

मुंबईच्या खेळाडूचे घर म्हणजे त्याची कंपनी, आणि कंपन्या विकल्या जातात. बर्मा शेल १९७६ साली सरकारने ताब्यात घेतली. त्याच वर्षाअखेर कॅलटेक्सही गेली व पुढे हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. नव्या मालकाला जुन्या संघाच्या चषकाशी काय कर्तव्य? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावाचे काय झाले हे आपणांस कोणी सांगावयास नको. ज्या गिरण्यांतून हुतूतूचे व इतर खेळांचे संघ उभे राहत, त्यांच्या जागी आज गगनचुंबी इमारती आहेत. रोव्हर्स चषकही २००० सालानंतर बंद पडला. महिंद्र युनायटेड हा नामांकित संघ २०१० साली विसर्जित झाला. संघ गेला म्हणजे केवळ अकरा माणसांची नोकरी जात नाही. गटाची छायाचित्रे, धावफलकाच्या वह्या, कपाटातले चषक, कोणाला कधी दुखापत झाली, कोणी शेवटच्या क्षणी गोल वाचविला, हे सारे भंगारात जाते.

नेव्हिल डिसूझा १९८० साली निवर्तले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळालेला नाही. तो पुरस्कार सुरू झाला १९६१ साली, म्हणजे मेलबर्नच्या पराक्रमानंतर पाच वर्षांनी.

पण पुरस्कार सुरू झाल्यानंतर तरी मुंबईच्या खेळाडूंना न्याय मिळाला काय? याचे उत्तर जकार्ता येथील सामन्यात आहे. ४ सप्टेंबर १९६२ रोजी आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिंदुस्थानने दक्षिण कोरियास २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. भोवतालचा प्रचंड जनसमुदाय प्रतिकूल होता. शिक्षक तेच रहीम, कर्करोगाने पोखरलेले. पुढच्याच वर्षी ते वारले. त्या सुवर्णसंघात दोन गडी मुंबईच्या कंपन्यांचे होते: मधल्या फळीत टाटांचे फॉर्च्युनातो फ्रँको आणि बचावात कॅलटेक्सचे ओ. चंद्रशेखर. पहिले गोव्याचे, दुसरे केरळचे. पण दोघांचाही खेळ बहरला तो मुंबईत. पुढे १९६३-६४ साली महाराष्ट्राने संतोष ट्रॉफी जिंकली त्यातही हे दोघे होते.

आता अर्जुन पुरस्काराची यादी पाहावी. १९६१ ला प्रदीपकुमार बॅनर्जी, बासष्टला बलराम, त्रेसष्टला चुनी गोस्वामी, चौसष्टला जर्नेलसिंग, पासष्टला अरुण घोष, सहासष्टला युसुफखान, सदुसष्टला थंगराज. दरसाल एक याप्रमाणे सातही मानकरी जकार्ताच्या सुवर्णसंघातले. अडुसष्ट साली फुटबॉलला पुरस्कारच मिळाला नाही, आणि एकोणसत्तरला पंजाबचे इंदरसिंग आले. तोवर एक नवी पिढी मैदानावर होती. फ्रँको व चंद्रशेखर यांची पाळी आलीच नाही. सातांपैकी एकाचीही योग्यता कमी होती असे नव्हे. पण गोल करणारा व गोल वाचविणारा सर्वांस दिसतो. प्रतिपक्षाचा चेंडू काढून घेऊन मुकाट्याने पुढे देणारा मधल्या फळीतला गडी दिसत नाही. शाळेच्या मैदानावर पंचगिरी केलेल्या कोणाही शिक्षकास हे ठाऊक आहे.

डिसूझा यांच्याबरोबर मेलबर्नला गेलेले मुंबईचे आणखी एक खेळाडू म्हणजे एस. एस. नारायण. बाबू या नावाने ते ओळखले जात. मूळचे पालघाटकडील ओट्टपालमचे, वाढले माटुंग्याच्या वस्तीत. गोलरक्षक म्हणून त्यांनी १९५६ व १९६० अशा दोन ऑलिंपिकांत भाग घेतला. बास्केटबॉलमध्येही ते तितकेच तरबेज. रोमच्या त्या १९६० च्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली, हे आजच्या मुलांना सांगितले तर त्यांचा विश्वास बसत नाही.

फ्रँको १० मे २०२१ रोजी कोरोनाच्या साथीत गोव्यात वारले. नारायण त्याच वर्षी ५ ऑगस्टला ठाण्यात, आणि चंद्रशेखर २४ ऑगस्टला कोचीत. चार महिन्यांच्या आत मुंबईच्या फुटबॉलचे तीन जुने ऑलिंपिकवीर गेले. साथीचे दिवस होते, माणसे आपापल्या घरच्या दुःखात होती, हे खरे. तरी त्या वेळी वृत्तपत्रांतून या तिघांना मिळालेली जागा आणि एखाद्या क्रिकेटपटूच्या पाठदुखीला मिळणारी जागा यांची तुलना वाचकांनी स्वतःच करावी.

परदेशांतून याविषयी काय चालते हेही थोडे पाहू. मेलबर्ननंतर बारा वर्षांनी, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानच्या कुनिशिगे कामामोतोने सात गोल केले व जपानला कांस्यपदक मिळाले. २००५ साली जपानी फुटबॉल महासंघाने आपल्या थोर खेळाडूंचे सन्मानदालन उभारले, तेव्हा पहिल्याच वर्षी त्यात कामामोतोचे नाव घातले गेले. इंग्लंडने २००२ पासून आपल्या फुटबॉल संग्रहालयात असेच दालन ठेवले आहे. शाळेची मुले तेथे सहलीला जातात. कामामोतोच्या बारा वर्षे आधी ज्याने आशियाला ही वाट दाखविली, त्याचे नाव मुंबईच्या किती शाळांतील मुलांना ठाऊक असेल?

अगदीच काही झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. वांद्र्याला फुटबॉलच्या एका मैदानास नेव्हिल डिसूझा यांचे नाव देण्यात आले आहे आणि जिल्हा संघटनेचे सामने तेथे होतात. २०२४ साली रहीम यांच्या जीवनावर ‘मैदान’ हा हिंदी बोलपट निघाला, त्यातही डिसूझा, फ्रँको ही पात्रे आहेत. बोलपटामुळे काही तरुणांच्या कानांवर ही नावे प्रथमच पडली. पण मैदानाच्या फाटकावरील पाटीने नाव टिकते, पराक्रम टिकत नाही. पाटीखाली चार ओळी हव्यात: कोणत्या साली, कोणाविरुद्ध, किती गोल. एवढे जरी झाले तरी बूट बांधता बांधता एखादा मुलगा ते वाचील.

आपल्या काळाचौकीच्या शहीद भगतसिंग मैदानावर, अभ्युदयनगरच्या आवारात, संध्याकाळी मुले फुटबॉल खेळताना दिसतात. पूर्वी गिरणगावात हुतूतू व व्यायामशाळा यांचे राज्य होते आणि फुटबॉल म्हणजे साहेबांचा किंवा किरिस्तावांचा खेळ, अशी आपली भावना होती. आता तसे राहिलेले नाही. मुलांच्या पाठीवर मेस्सी, रोनाल्डो ही नावे छापलेली असतात. त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण त्यांना दुसरी नावे दिलीच नाहीत.

मुंबई शहराने सन्मानदालन उभारावे, शासनाने मरणोत्तर गौरव करावा, या मागण्या योग्य आहेत व संबंधितांनी त्या लावून धराव्यात. पण त्यांची वाट पाहत न बसता आपल्या मंडळाला एक काम आजच हाती घेता येईल. कंपनी बंद पडते, गिरणी विकली जाते; परंतु ज्ञातिमंडळ पिढ्यान्‌पिढ्या चालते. त्याची कचेरी आहे, कपाट आहे, दरवर्षी निघणारी ही स्मरणिका आहे. मोहन बागानच्या सभासदांनी जे केले, त्याचा लहानसा अंश आपणही करू शकतो. आपल्या सभासद कुटुंबांतून गिरण्यांच्या, बेस्टच्या, रेल्वेच्या वा गोदीच्या संघांतून खेळलेली माणसे निश्चितच आहेत. फुटबॉल म्हणा, हुतूतू म्हणा, खो-खो म्हणा. कोणाचे वडील, कोणाचे आजोबा, कोणाचे मामा. त्यांची नावे कोणत्याही अर्जुन पुरस्काराच्या यादीत येणार नाहीत. पण डिसूझा यांच्याविरुद्ध किंवा फ्रँको यांच्याबरोबर एखाद्या लीगच्या सामन्यात खेळलेला एखादा म्हातारा अजून आपल्याच चाळीत खाटेवर पडून असेल, तर त्याला आज विचारले पाहिजे. पुढच्या स्मरणिकेपर्यंत थांबणे बरे नाही.

तरी सर्व सभासद बंधुभगिनींस विनंती की, ज्यांच्या घरी जुन्या संघांची छायाचित्रे, प्रशस्तिपत्रके, बिल्ले अथवा वृत्तपत्रांतील कात्रणे असतील, त्यांनी ती मंडळाच्या कचेरीत दाखवावयास आणावीत. नक्कल करून मूळ वस्तू त्याच वेळी परत करण्यात यावी, असे कार्यकारिणीला सुचविले आहे. छायाचित्राच्या पाठीमागे संघाचे नाव, साल आणि उभे असलेल्यांची व बसलेल्यांची नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत. लिहिताना शिसपेन्सिल वापरावी. शाई कालांतराने पुढे उमटते व चेहरे बिघडतात.